भुकेला कोंडा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पूर्वी पाणी कधी येणार याची चौकशी व्हायची. हल्ली पोट कधी साफ होणार याची होते. मध्यंतरी चौथ्या मजल्यावरून प्रश्न आला, ‘मुलांच्या खाण्यात फायबर कसं वाढवायचं? आमचा काहीच खात नाही.’ त्यावर जी उत्तरं कोसळली, तितकी पार्किंगच्या भांडणातही कोसळली नव्हती. ज्यांच्या घरी मूल नाही त्यांनीही उत्तरं दिली. सेक्रेटरींनी सवयीने ‘नोंद घेतली आहे’ असं लिहिलं.

‘काहीच खात नाही’ हे विधान मात्र जरा तपासून घ्यावं लागतं. ज्या मुलाबद्दल ते केलं जातं, तो दिवसभरात चार मजले दहादा उतरतो आणि चढतो, मधल्या वेळात सोफ्यावरून उड्या मारतो आणि रात्री अकराला ‘मला झोप येत नाहीये’ म्हणून जाहीर करतो. नुसत्या हवेवर हे होत नाही. ‘काहीच’ याचा खरा अर्थ असा की, जमिनीतून किंवा झाडावरून आलेली जी वस्तू आपण तिथून आल्याचं लपवत नाही, अशी कुठलीही वस्तू तो खात नाही.

माझा भाचा याच पंथाचा. वय वर्षं सात, मुक्काम बोरिवली पश्चिम. तो खातो ते असं : भात, दही, पाव, बटाटा, पनीर, नूडल्स, साबुदाणा आणि बिस्किट. सगळं पांढरं. फार तर भातावर वरण आणि पावावर जॅम येण्याची, आणि बिस्किटाला किंचित रापलेलं असण्याची सूट आहे. पोह्यांवर कोथिंबीर दिसली की तो ती चिमटीने एकेक पान करून ताटाच्या कडेला रचतो. शेवटच्या पोह्याला चिकटलेला देठाचा तुकडासुद्धा सुटत नाही. हाच मुलगा शाळेतून ‘हस्तकौशल्य : सुधारणेस वाव’ असा शेरा घेऊन येतो.

एकदा तीन दिवस त्याला शी झाली नाही, म्हणून ताई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट दोन ठिकाणी दाबून पाहिलं आणि औषधाच्या वर एकच शब्द लिहिला : फायबर. ताईने विचारलं, “कुठल्या कंपनीचं घेऊ?”

डॉक्टर म्हणाले, “भाजीवालीकडे मिळतं.”

तेव्हापासून त्या घरात जे सुरू झालं, त्याला स्वयंपाक म्हणता येणार नाही. ती तस्करी होती. अंधेरीत सहारच्या विमानतळावर सोनं जितक्या प्रकारांनी आत येत असेल, तितक्या प्रकारांनी ताईने त्या मुलाच्या पोटात दुधी पाठवायचा प्रयत्न केला. दुधी किसून कणकेत मळला. पालक वाटून पुऱ्यांत घातला. डोशाच्या पिठात बीट मिसळून त्याला ‘पिंक डोसा’ म्हणून जाहीर केलं. गाजर पावभाजीत गाडलं. नाचणीचं पीठ कोकोमध्ये लपवून केक केला. आणि समोर कस्टमचे साहेब बसलेले. साहेब घास उचलायचे, उजेडात धरायचे, वास घ्यायचे, मग अगदी थंड आवाजात विचारायचे, “आई, यात काय आहे?”

“काही नाही रे.”

“मग हिरवं का आहे?”

या प्रश्नावर भल्याभल्यांची दातखीळ बसते. ‘तसा रंगच आहे’ म्हणावं तर पुढच्या वेळी पांढऱ्या पुरीचीही झडती होते. ‘पालक आहे’ म्हणावं तर आधी खाल्लेल्या दोन पुऱ्यांचाही पश्चात्ताप होतो, आणि तो पश्चात्ताप कधीकधी चादरीवर येतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात हा धोका असतोच. मुलाला पालक आवडला की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. आई आपल्याला फसवते, एवढं मात्र त्याला पक्कं कळतं.

ताई बँकेत आहे. हिशेब लागला नाही तर तिला झोप लागत नाही. तिने वही काढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलेला हिशेब असा आहे : २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान १५ ग्रॅम फायबर, ६ ते ९ वर्षांच्या मुलांना २१ ग्रॅम आणि १० वर्षांच्या पुढे थेट मोठ्यांइतकं, म्हणजे २५ ग्रॅम. कुठल्या पदार्थात किती, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत मिळतं. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. मैद्यातही तेवढंच. आणि त्याच गव्हाच्या कणकेत अकरा ग्रॅम. बाजरीत साडेअकरा, नाचणीत अकरा, ज्वारीत दहा.

भाच्याचा दिवस वहीत उतरवला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सकाळी दूध-बिस्किट, डब्यात जॅम-ब्रेड, दुपारी वरण-भात, संध्याकाळी नूडल्स, रात्री दही-भात. बेरीज दहाच्याही आत. त्यातही निम्मा वाटा वरण-भाताचा, ज्याच्यावर कुणाचा संशयच नव्हता. म्हणजे २१ च्या परीक्षेत मुलगा निम्म्यावरही पोचत नव्हता. भावोजी म्हणाले, “गणितात बरे आहेत की मार्क.”

इथे भावोजींची ओळख करून द्यायला हवी. कारण निवडून खाणारं माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मूल येतं, आणि घरातले खरे निवडक खवय्ये त्या आडोशाला निवांत जेवत असतात. भावोजींना पालेभाजी चालते, ‘पण ओली नको’. वांगं चालतं, पण भरलेलं. कारलं चालतं, पण दुसऱ्याच्या ताटात. कोशिंबीर ते लिंबाच्या फोडीइतकी वाढून घेतात आणि लिंबाच्या फोडीसारखीच ताटात ठेवून उठतात. रात्री जेवताना स्वतःच्या पानात बटाट्याच्या काचऱ्या आणि तोंडात “अरे, भाजी खा रे, डोळे चांगले होतात.” मुलगा बापाच्या चष्म्याकडे बघतो आणि काही बोलत नाही. संस्कार चांगले आहेत.

त्याच्याही वर घाटकोपरचे आमचे काका. यांचं आयुष्य सकाळच्या अर्ध्या तासावर उभं आहे. तो अर्धा तास जमला तर जग चांगलं, नाही तर सरकार वाईट. काका रोज रात्री कोमट पाण्यात इसबगोल घालून ढवळतात आणि ते घट्ट व्हायच्या आत एका दमात पितात. शेजारचे गुजराती गृहस्थ तेच करतात आणि दोघं सकाळी बाकावर बसून निकालाची तुलना करतात. इसबगोल येतं गुजरातमधून. सिद्धपूरला ते सोलून त्याचा भुसा वेगळा करण्याचा मोठा धंदा आहे, शेजारच्या उंझ्याला त्याचा बाजार आहे आणि जगभर जाणाऱ्या इसबगोलात भारताचा वाटा सगळ्यांत मोठा आहे. बाकी कशात नाही तरी जगाचं पोट साफ करण्यात आपण विश्वगुरू आहोतच. पण काकांना म्हणा की इसबगोल म्हणजे बियांची साल आहे, मग पेरूची साल काढून का खाता? काका म्हणतात, “ती दातात अडकते.”

आता सात वर्षांच्या मुलाने बघायचं कुणाकडे?

खरा प्रश्न वेगळाच आहे. गव्हात, तांदळात हे फायबर मुळात होतंच. मग ते गेलं कुठे? कुणी चोरलं नाही. आम्हीच चाळून टाकलं. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ म्हणणाऱ्या लोकांची आम्ही नातवंडं. भूक लागली तर कोंडाही चालतो आणि झोप आली तर दगडही उशाला पुरतो, असं ज्यांचं चालत होतं, त्या पिढीतले लोक कोकणातून, देशावरून मुंबईत आले. गावी नाचणीची भाकरी आणि उकड्या तांदळाची पेज खाऊन वाढलेला माणूस इथे गिरणीत नाही तर कारकुनीत चिकटला आणि त्याने पहिली गोष्ट ठरवली ती ही की, माझी पोरं पांढरा भात खातील. पुढे चाळीतून उपनगरात ब्लॉक घेतला तेव्हा तांदूळ आणखी पांढरा झाला. गिरणीवाल्याला ‘बारीक दळा’ सांगायचं, घरी आल्यावर पुन्हा चाळायचं, चाळणीत राहिलेला कोंडा गाईला. गाय मिळाली नाही तर कचऱ्यात. यात आळस नव्हता, अडाणीपणा नव्हता. होतं ते प्रेम होतं. कोंडा हा गरिबीचा पुरावा होता आणि तो आम्ही मुलांच्या ताटातून निगुतीने काढला.

सावध करणारे होते. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, वर्ध्याला त्याचं मुख्य ठाणं झालं आणि हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ यांचा प्रचार सुरू झाला. गांधीजींचं आपण बरंच ऐकलं, पण तांदळाच्या बाबतीत नाही. मीठ उचलणं सोपं होतं, मुसळ उचलणं अवघड.

पुढे डेनिस बर्किट नावाचा एक आयरिश डॉक्टर आला. युगांडात अनेक वर्षं शस्त्रक्रिया करताना त्याच्या लक्षात आलं की, विलायतेत नित्य दिसणारे आतड्यांचे आजार तिथल्या खेड्यांत फारसे दिसतच नाहीत. त्याने त्याचा संबंध खाण्यातल्या चोथ्याशी जोडला आणि १९७९ साली त्यावर लोकांसाठी पुस्तक लिहिलं. तो व्याख्यानांत पडद्यावर माणसांच्या विष्ठेची छायाचित्रं दाखवायचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, ज्या देशात लोकांचा सकाळचा ऐवज लहान, त्या देशातली इस्पितळं मोठी. विलायतेतले सभ्य श्रोते हे ऐकून अवघडत असतील. आपल्याकडे हे व्याख्यान घरोघरचे आजोबा रोज सकाळी चहाच्या वेळी, विनापडदा आणि विनामानधन देतात.

आता तोच कोंडा परत आला आहे. पण पायी आला नाही, मॉलमधून आला. अंधेरीच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा, काचेच्या बरणीत, सोनेरी अक्षरांत, ‘ब्रान’ म्हणून तो बसलेला दिसेल आणि त्याची किंमत कणकेपेक्षा जास्त असेल. नाचणीची कुकी झाली आहे. ज्वारीचे पफ झाले आहेत. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि आजीची भाकरी परिषदांच्या मेनूवर गेली. कोंड्याचा मांडा करणारी बाई पूर्वी काटकसरी समजली जायची; आज तिला स्टार्टअपसाठी गुंतवणूकदार मिळेल. आधी गव्हातून कोंडा काढण्याचे पैसे, मग पांढरं पीठ खाऊन पोट बिघडलं म्हणून डॉक्टरांचे पैसे, मग तोच कोंडा बरणीतून परत आणण्याचे पैसे. एकाच कोंड्याने इतक्या लोकांची पोटं भरल्याचं दुसरं उदाहरण नाही.

उपवासाच्या दिवशी तर आपण हद्द करतो. बाकी दिवस चुकूनमाकून भाजी पोटात जाते. एकादशीला तिलाही सुट्टी. ताटात साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात चोथा औषधालाही नाही. सोबतीला बटाट्याचा कीस. भाचा दर एकादशीला भक्तिभावाने उपास करतो, यामागचं कारण विठ्ठलाला ठाऊक आहे. खरं तर त्याच उपवासाला राजगिरा चालतो, रताळं चालतं, केळं चालतं. पण ते खाल्लं तर उपास केल्यासारखं वाटतं.

गंमत अशी की, मुंबईच्या उपनगरांइतका फायबरचा पुरवठा क्वचितच कुठे असेल. पावसाळा लागला की बोरिवली-दहिसरच्या स्टेशनांबाहेर पालघरकडच्या आणि पाड्यांवरच्या बायका टोपल्या मांडून बसतात. जूनच्या तोंडाला शेवळं येतात आणि त्यांच्यासोबत काकडंही, कारण त्याशिवाय शेवळं घशात खाजतात. मग टाकळा, कुर्डू, फोडशी. मग काटेरी दिसणारी, पण स्वभावाने गरीब कर्टोली. वसईची केळी बारमाही. आणि आम्ही त्या टोपल्या ओलांडून, छत्री सांभाळत, ब्रोकोली घ्यायला एसी दुकानात जातो. ब्रोकोली चांगलीच आहे, तिच्याशी वैर नाही. पण ती प्लॅस्टिकच्या कपड्यांत गुंडाळून येते आणि मुलगा तिला तेवढ्याच इतमामाने नाकारतो.

अशाच एका टोपलीपाशी ताईने एकदा गाऱ्हाणं मांडलं. “मावशी, माझा मुलगा हे काही खात नाही.”

मावशींनी टाकळ्याची जुडी झटकली. “पोरगं ऱ्हाऊदे ताई. तू खातेस का?”

ताईने जुडी घेतली. सुट्टे पैसेही मागितले नाहीत.

मुलांच्या खाण्याचा अभ्यास करणारे लोकही वेगळं सांगत नाहीत, फक्त जास्त पानांत सांगतात. दोन ते सहा या वयात मुलांना नव्या पदार्थाची भीती वाटणं स्वाभाविक असतं. एकच भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा, जबरदस्ती न करता समोर आली की बरीच मुलं ती चाखायला तयार होतात. आपण मात्र दोनदा वाढतो, तिसऱ्यांदा ओरडतो आणि चौथ्यांदा नूडल्स करतो. शिवाय मूल खातं ते घरातल्या मोठ्यांच्या ताटाकडे बघून. म्हणजे भावोजींच्या काचऱ्या हा खासगी विषय उरत नाही.

इथे उत्साही लोकांना थांबवायला हवं. फायबर म्हणजे आपल्याला न पचणारा भाग, आणि न पचणं हीच त्याची नोकरी. तो पाणी धरून ठेवतो, मल मऊ करतो, आतड्यातल्या जिवाणूंना जेवू घालतो. पण जिवाणूंना एकदम पंगत वाढली की ते आनंद व्यक्त करतात, आणि तो आनंद वायुरूप असतो. भावोजींनी एका रविवारी निश्चय केला. सोमवारी सकाळी ओट्स, डब्यात राजमा, सोबत मुळ्याची कोशिंबीर. मंगळवारी ते बोरिवलीहून चर्चगेट फास्टमध्ये चढले. अंधेरीपर्यंत त्यांनी संयम राखला. अंधेरीला जी गर्दी चढली, तिने त्यांना चारही बाजूंनी दाबलं. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो की, वांद्र्याला त्यांना बसायला जागा मिळाली.

दुसरी अडचण वास्तुशास्त्राची आहे. उपनगरातल्या वन बीएचकेत माणसं पाच आणि संडास एक. जोवर घर पांढरं खात होतं, तोवर वेळापत्रक सैल होतं. कुणी आज, कुणी परवा. फायबर वाढलं आणि सगळ्यांची वेळ सकाळी सातची झाली. ताईच्या घरी आता दाराबाहेर नंबर लागतो. काका मुक्कामाला आले की ते ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणून रांग मोडतात. सार्वजनिक आरोग्याच्या योजना आखणाऱ्यांनी हा मुद्दा विचारात घेतलेला दिसत नाही.

तरीही त्या घरात काही बदललं आहे, ते सांगायला हवं. दुधीची तस्करी बंद झाली. पालकाची पुरी आता पालकाची पुरी म्हणूनच ताटात येते. घे, नाही तर राहू दे. घरातली पिठाची चाळण माळ्यावर गेली. मधल्या वेळेला पेरू येतो, सालासकट, वर तिखट-मीठ लावून. एका मध्यम पेरूतून पाच ते आठ ग्रॅम फायबर मिळतं आणि त्याला कुठलीही सोनेरी अक्षरं लागत नाहीत. मोड आलेल्या मटकीची उसळ आठवड्यातून दोनदा होते. वाटीभर उसळ, एक पेरू आणि न चाळलेल्या कणकेच्या दोन पोळ्या यांची बेरीज अठराच्या आसपास जाते. उरलेले दोन-तीन ग्रॅम वरण-भातातून येतात. भाच्याने उसळीतले मटकीचे दाणे पहिल्यांदा कोथिंबिरीच्या शेजारी रचले. पण मोड आलेली मटकी मोजायला फार वेळ लागतो, आणि भूक लागली की सात वर्षांचा माणूसही तत्त्वाला मुरड घालतो. कोथिंबीर तो अजूनही काढतो. काढू दे. तेवढ्याने बेरीज चुकत नाही.

तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या वहिनींसाठी, आणि ज्यांनी विचारलं नाही पण ज्यांना गरज आहे त्या सर्वांसाठी : कणीक चाळू नका. फळं सालासकट खा. पावसाळ्यात स्टेशनाबाहेरच्या टोपलीपाशी थांबा. फायबर वाढवायचं ते हळूहळू, एकदम नको. पाणी भरपूर प्या आणि सोमवारी राजमा टाळा. मुलाच्या ताटात काही लपवू नका, त्याच्या ताटाकडे सारखं बघूही नका. आधी स्वतःच्या ताटात भाजी वाढून घ्या, आणि ती खा.